वादळ, छप्पर आणि खिळा

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू नावाचं हरिकेन मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडजवळ, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर होता. एकट्या डेड काउंटीत पंचवीस हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त झाली आणि आणखी लाखभर घरांची मोडतोड झाली. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र तेव्हा कोरल गेबल्समध्ये होतं. त्या इमारतीच्या गच्चीवरचा रडारसुद्धा उन्मळून पडला. एवढ्या वाऱ्यापुढे माणसाने बांधलेलं काय टिकणार, असं त्या सकाळी कोणालाही वाटलं असतं.

मोडलेल्या घरांची तपासणी सुरू झाली तेव्हा मात्र वेगळीच गोष्ट पुढे आली. तिथली बहुतेक छपरं लाकडी कैच्यांची. कैच्यांवर प्लायवूड किंवा लाकडाच्या ढलप्या दाबून केलेल्या फळ्या ठोकायच्या, त्यावर डांबरी कागद आणि सगळ्यात वर कौलं किंवा शिंगल. कंट्री वॉकसारख्या नव्या वसाहतींमधून उडून पडलेल्या फळ्यांवर स्टेपल पिनांच्या रांगाच्या रांगा होत्या, आणि त्यातल्या कित्येक पिना कैचीच्या लाकडाला लागलेल्याच नव्हत्या. कैचीचं लाकूड जेमतेम दीड इंच जाड. फळी टाकल्यावर ते वरून दिसत नाही. अंदाजाने हवेच्या बंदुकीने पिना मारत जायचं, आणि हात थोडा सरकला की पिन नुसती फळीतून आरपार जाऊन खाली लोंबत राहते. छप्पर बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतं. तसं ते दहा-बारा वर्षं दिसतही राहतं, पहिलं मोठं वादळ येईपर्यंत.

मायामी हेरल्ड या दैनिकाने घरांच्या सरकारी नोंदी, नुकसानीचे पंचनामे आणि त्या त्या भागातला वाऱ्याचा वेग संगणकावर शेजारी शेजारी मांडून पाहिला. वारा सारखाच असलेल्या भागांतही नवी घरं जुन्या घरांपेक्षा जास्त मोडली होती. या कामासाठी त्या दैनिकाला १९९३ साली लोकसेवेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. डेड काउंटीच्या ग्रँड ज्युरीनेही १९९२ च्या डिसेंबरात आपल्या अहवालात बांधकामाचा दर्जा, ढिले पडलेले नियम आणि नावापुरती होणारी तपासणी यांवर कडक ताशेरे ओढले.

दक्षिण फ्लोरिडाची बांधकाम नियमावली १९५७ सालची. देशातल्या सर्वांत कडक नियमावल्यांमध्ये तिची गणना व्हायची. पुढे बरीच वर्षं तिथे मोठं वादळ आलं नाही, लोकवस्ती मात्र भराभर वाढली. खिळ्यांच्या जागी पिना चालतील, प्लायवूडच्या जागी स्वस्त फळी चालेल, अशा सवलती एकेक करून शिरल्या. प्रत्येक सवलत सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. छप्पर उडतं ते अशा किरकोळ गोष्टींच्या बेरजेने.

वाऱ्याने घर पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे इथे समजून घ्यायला हवं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वारा भिंत ढकलतोय असं चित्र असतं. समोरच्या भिंतीवर वाऱ्याचा रेटा येतो हे खरंच आहे. पण घराला अडलेली हवा वर आणि बाजूंनी वळसा घालून पळते. छपराच्या कडेशी आणि आढ्यापाशी ती पृष्ठभाग सोडून सुटते, तिथे भोवरे तयार होतात आणि दाब एकदम उतरतो. म्हणजे छपराला खाली दाबणारं काही उरत नाही, उलट ते वर ओढलं जातं. मागच्या आणि बाजूच्या भिंतीही बाहेरच्या दिशेने ओढल्या जातात. छपरावर ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कडांना ती मधल्या भागापेक्षा जास्त असते आणि कोपऱ्यांत तर मधल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट होते. म्हणूनच वादळानंतर पाहिलं तर बहुतेक छपरं कोपऱ्यापासून किंवा वळचणीपासून सोलली गेलेली दिसतात.

दुसरी गोष्ट वर्गाची. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानकात त्यासाठी सोपं सूत्र आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. येणारं उत्तर हा एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका दाब देतो. ताशी २०० किलोमीटरला तोच दाब १८९ किलो होतो. वेग दुप्पट, दाब चौपट. बातमीत वाऱ्याचा वेग दहा-वीस किलोमीटरने वाढल्याचं ऐकून आपल्याला फारसं काही वाटत नाही, पण छपराच्या सांध्यांना तो फरक चांगलाच जाणवतो.

आता खिडकी. वादळात रस्त्यावरच्या पाट्या, फांद्या, शेजारच्या छपराची कौलं, लाकडाचे तुकडे हवेत असतात. त्यातलं एखादं वाऱ्याकडच्या खिडकीवर आदळतं आणि काच फुटते. मग वारा घरात घुसतो. बाहेर जायला वाट नसल्याने घरातला दाब वाढतो आणि तो छपराला आतून वर रेटतो. वरून ओढ, खालून रेटा. अमेरिकी मानकात या आतल्या दाबासाठी बंद घराला ०.१८ हा गुणांक धरतात. एका बाजूला मोठं भगदाड पडलेल्या घराला तोच ०.५५ धरावा लागतो. एका फुटलेल्या काचेने किंवा आत कोसळलेल्या गॅरेजच्या दाराने आतला दाब तिप्पट होतो. खिडकी फुटण्यातला खरा धोका पावसाचं पाणी आत येण्याचा नसून छप्पर जाण्याचा आहे. वादळात खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो आणि घर वाचतं, ही समजूत अमेरिकेतही बरीच वर्षं होती. तिच्यामुळे घरं वाचली नाहीत. उलट, वाऱ्याला जी वाट स्वतः फोडून काढावी लागली असती ती त्याला आयती मिळाली. काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्याचाही काही उपयोग नाही.

अँड्र्यूनंतर दोन वर्षांत दक्षिण फ्लोरिडाने नियम बदलले आणि जगात आज प्रमाण मानली जाणारी एक चाचणी तिथे सक्तीची झाली. जमिनीपासून ३० फुटांच्या आत बसवायची खिडकी, दार किंवा झडप असेल, तर तिच्यावर हवेच्या तोफेतून सुमारे चार किलो वजनाचा लाकडी ओंडका सेकंदाला १५ मीटर वेगाने मारतात. ओंडका मुद्दाम बांधकामातल्या वाशाच्या मापाचा असतो, कारण वादळात शेजारच्या घरातून तोच उडून येतो. त्याहून उंचावरच्या खिडक्यांवर दोन-दोन ग्रॅमच्या पोलादी गोळ्या मारतात, कारण वरपर्यंत पोचतात ते छपरावरचे खडे. काच तडकली तर चालते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट पडदा असतो, त्याने चौकटीत टिकून राहायला हवं. आणि चाचणी इथे संपत नाही. मार खाल्लेल्या त्याच खिडकीवर आतून-बाहेरून दाबाची आवर्तनं देतात, काही मानकांत ९,०००. एवढं सोसूनही तीन इंचांचा गोळा आरपार जाईल असं भोक पडता कामा नये. मला या चाचणीतला विचार फार मोलाचा वाटतो. वादळ एकदा आदळून निघून जात नाही, ते तासन्‌तास हिसके देत राहतं, हे चाचणी रचणाऱ्यांनी नीट ध्यानात घेतलं होतं.

हा धडा त्यांच्याआधी ऑस्ट्रेलियाला मिळाला होता. १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन शहरातली सत्तर टक्क्यांहून अधिक घरं निकामी केली. ७१ माणसं गेली. सुमारे ४७ हजारांच्या शहरातून तीस हजारांवर लोकांना बाहेर हलवावं लागलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग ते बंदच पडलं. डार्विनची छपरं पन्हाळी पत्र्याची होती. ते पत्रे कागदोपत्री मजबूत होते, एका दमात जेवढा भार द्यायचा तेवढा त्यांनी चाचणीत पेलला होता. पण वाऱ्याने पत्रा हजारो वेळा वर ओढला आणि सोडला. स्क्रूच्या डोक्याभोवती पत्र्याला बारीक चिरा गेल्या, चिरा वाढल्या आणि शेवटी स्क्रू जागच्या जागी राहून पत्रा त्यावरून निसटून गेला. अभियंता जॉर्ज वॉकर यांच्या अहवालाने हे कारण स्पष्ट केलं. त्यानंतर पत्र्यांसाठी आवर्तनांची चाचणी आली, स्क्रूखाली रुंद वॉशर आले. १९७७ साली टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात चक्रीवादळ चाचणी केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे.

खिळे, पिना, स्क्रू, वॉशर. वाऱ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा इतक्या लहान वस्तूंपाशी का येते? भिंतीचा दगड किंवा काँक्रीट सहसा तुटत नाही. तुटतो तो सांधा. छपराला वर ओढणारं बल कुठेतरी जमिनीत पोचलं पाहिजे. कौल किंवा पत्र्यातून फळीत, फळीतून कैचीत, कैचीतून भिंतीवरच्या तुळईत, तिथून भिंतीत आणि भिंतीतून पायात. ही साखळी आहे, आणि वारा तिची सगळ्यात कच्ची कडी शोधून काढतो. एरवी छप्पर आपल्या वजनाने भिंतीवर बसलेलं असतं, म्हणून कैची भिंतीला दोन तिरप्या खिळ्यांनी अडकवली तरी वर्षानुवर्षं भागतं. वादळात बलाची दिशा उलटते आणि ते तिरपे खिळे दाढ उपसावी तसे उपसून येतात. त्यांच्या जागी कैचीला वरून वळसा घालून भिंतीत उतरणारी जस्तलेपित पोलादी पट्टी लावली की त्या सांध्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. घराच्या एकूण खर्चात या पट्ट्यांची किंमत नगण्य असते, बांधताना लावल्या तर. बांधून झाल्यावर छत उचकटून त्या लावणं फार महाग पडतं.

म्हणून फ्लोरिडात केवळ नियम बदलून थांबले नाहीत, तपासणीची वेळही ठरवली. फळ्या ठोकून झाल्यावर आणि डांबरी कागद अंथरण्यापूर्वी निरीक्षकाने खिळे पाहिलेच पाहिजेत, कारण त्यानंतर ते कोणालाच दिसणार नसतात. माझ्या मते अँड्र्यूनंतरची ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. ती करण्यासाठी नवं गणित लागलं नाही की नवं साहित्य.

छपराच्या आकाराचाही मोठा वाटा आहे. दुपाखी छपराच्या दोन टोकांना त्रिकोणी भिंती उभ्या राहतात. त्यांना आतून आधार दिला नसेल तर वारा त्या आत लोटतो किंवा बाहेर ओढतो. अँड्र्यूत अशा भिंती मोठ्या संख्येने पडल्या. चौपाखी छपराला चारही बाजूंनी उतार असतो, वाऱ्याला आदळायला उभी भिंत मिळत नाही आणि चारही पाखी एकमेकींना धरून राहतात. त्यामुळे फ्लोरिडात चौपाखी छपराच्या घराला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते.

आता घर किती वाऱ्यासाठी बांधायचं हा प्रश्न. इथे आकड्यांची गल्लत फार होते. बातम्यांत सांगितला जाणारा वादळाचा वेग हा सलग वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो: अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी, भारतीय हवामान खात्याकडे तीन मिनिटांची. अभियंत्याला मात्र तीन सेकंदांचा झोत हवा असतो, मोकळ्या मैदानात जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा. सलग वाऱ्यापेक्षा झोत नेहमीच जास्त असतो. म्हणून वादळाच्या बातमीतला आकडा आणि बांधकाम मानकाच्या नकाशावरचा आकडा सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. हरिकेनच्या पाच श्रेणी ठरवणाऱ्या दोघांपैकी हर्बर्ट सॅफिर स्वतः कोरल गेबल्सचे बांधकाम अभियंता होते. कोणत्या वाऱ्यात कशा प्रकारची इमारत किती मोडते, या विचारातून त्यांनी १९६९ च्या सुमारास ती मोजपट्टी आखली. पुढे हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्प्सन यांनी तिच्यात भर घातली.

अमेरिकी मानक साध्या घरासाठी असा झोत धरतं की जो सरासरीने ७०० वर्षांतून एकदा येईल. ऐकायला हे अती वाटतं. पण घर पन्नास वर्षं उभं राहणार असेल तर त्या काळात असा झोत येण्याची शक्यता सात टक्के असते, आणि आपल्या घरासाठी सात टक्के काही कमी नाहीत. इस्पितळं आणि अग्निशमन केंद्रं यांसाठी ३,००० वर्षांचा हिशोब धरतात. डेड काउंटीत, म्हणजे आजच्या मायामी-डेडमध्ये, साध्या घराला लागू होणारा झोत ताशी १७५ मैलांचा, म्हणजे सुमारे २८२ किलोमीटरचा आहे. वरच्या सूत्रात तो घातला तर चौरस मीटरला ३७० किलोंच्या वर दाब येतो.

अशा नियमांनी फरक पडतो का, याचं उत्तर २००४ च्या ऑगस्टमध्ये चार्ली वादळाने दिलं. ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पुंता गोर्दाच्या भागात शिरलं. विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेने तिथल्या दाव्यांचा अभ्यास केला. १९९६ नंतर सुधारित नियमांनुसार बांधलेल्या घरांचे दावे जुन्या घरांच्या मानाने ६० टक्क्यांनी कमी होते, आणि जिथे नुकसान झालं तिथेही त्याची रक्कम ४२ टक्क्यांनी कमी होती. अँड्र्यूने अकरा विमा कंपन्यांचं दिवाळं काढलं होतं, हे लक्षात घेतलं तर या टक्क्यांचं वजन कळतं.

२००२ च्या मार्चपासून साऱ्या फ्लोरिडाला एकच नियमावली लागू झाली, पण तिच्यात एक पळवाट राहिली होती. राज्याच्या वायव्येला पॅनहँडल नावाचा किनारी पट्टा आहे. तिथे खिडक्यांना उडत्या वस्तूंपासून संरक्षण देण्याची सक्ती समुद्रापासून फक्त एका मैलापर्यंत ठेवली गेली. कारणं दोन दिली जात: तिथली दाट झाडी वाऱ्याचा जोर मोडते, आणि त्या किनाऱ्यावर तितकं भयंकर वादळ नोंदीत नाही. बांधकाम व्यावसायिकांना वाढीव खर्च नको होता हे तिसरं. २००४ च्या आयव्हन वादळाने पेन्साकोलाच्या भागाचं मोठं नुकसान केलं, मग ती सवलत रद्द झाली. पण तोवर बांधलेली घरं तशीच राहिली. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकेल वादळ मेक्सिको बीच गावावर आलं, ताशी २६० किलोमीटरच्या आसपास वेगाने. पॅनहँडलच्या नोंदीतलं पहिलं पाचव्या श्रेणीचं वादळ. गाव जवळपास पुसलं गेलं. समुद्राकाठच्या ओळीत काँक्रीटच्या खोल खांबांवर बांधलेलं एक घर मात्र उभं राहिलं. ते त्याच वर्षी पुरं झालं होतं, आणि मालकांनी ते नियमात सांगितलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वारा धरून बांधून घेतलं होतं. त्याचा जिना आणि तळमजल्याच्या भिंती लाटांनी नेल्या, पण त्या तशा जाव्यात अशीच त्यांची रचना होती. पाण्याला अडवायचं नाही, खालून जाऊ द्यायचं. वाऱ्याचे नियम समुद्राच्या उधाणापासून वाचवत नाहीत. त्यासाठी घर उंच उचलावं लागतं किंवा मागे सरकवावं लागतं.

‘आमच्याकडे तसलं वादळ येत नाही’ हे वाक्य पॅनहँडलमध्ये ज्या विश्वासाने बोललं जायचं, त्याच विश्वासाने कोकणातही बोललं जात होतं. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब वाकले आणि घरांची छपरं गेली. हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० किलोमीटरपर्यंत सांगितला.

भारतात वाऱ्याच्या भाराचं मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. २०१५ साली त्याची नवी आवृत्ती आली. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पणजीसाठी ३९ आणि भुवनेश्वर-चेन्नईसाठी ५०. ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. या हिशोबाने निसर्गचा १२० चा झोत मानकाच्या आवाक्यातला होता. मग छपरं का गेली? कारण गावातलं घर त्या मानकापर्यंत पोचतच नाही. ते गवंडी आणि सुताराच्या अनुभवावर उभं राहतं, आणि तो अनुभव पावसाचा आहे, चक्रीवादळाचा नाही.

हिशोब करून पाहा. ताशी १२० किलोमीटरला दाब येतो चौरस मीटरला साधारण ६८ किलो. मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट भरतं साठ-पासष्ट किलोच्या आसपास. म्हणजे मधल्या भागात जेमतेम बरोबरी, आणि कडा-कोपऱ्यांत वारा सहज वरचढ. कौलं तर रिपांवर नुसती अडकवलेली असतात. कौलं काढून पत्रे टाकले की वानरांचा आणि गळतीचा त्रास मिटतो, म्हणून गेल्या काही वर्षांत गावोगाव पत्रे आले. सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला पंधरा-सोळा किलोचा आणि लोखंडी पाचेक किलोचा. छपराचं वजन गेलं, पण त्याच्या जागी बांधणी आली नाही. वासे भिंतीवर पूर्वीसारखेच नुसते टेकलेले राहिले. जुन्या कोकणी घराचं उतरतं चौपाखी छप्पर वाऱ्याच्या दृष्टीने उत्तम आकार होता. नव्या बांधकामात तोही मागे पडला. पडवीवर पुढे आलेल्या पत्र्याला तर वरून ओढ आणि खालून रेटा दोन्ही बसतात.

आणि मानकाविषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी प्रदेशासाठी एक खास गुणांक आला. वादळानंतर ज्या इमारती चालू राहायलाच हव्यात, म्हणजे इस्पितळं, निवारे, दळणवळणाची केंद्रं, त्यांच्यासाठी वेग १.३० पट धरायचा, कारखान्यांसाठी १.१५ पट. साध्या घरांना वाढ नाही. वेग १.३० पट म्हणजे दाब १.६९ पट, जवळपास सत्तर टक्के जास्त. पण हा गुणांक पूर्व किनारा आणि गुजरात यांच्या किनारी पट्ट्यापुरता आहे. महाराष्ट्र आणि गोवा त्यात नाहीत. जुन्या नोंदींच्या आधारे आखलेली ही रेषा आहे, पॅनहँडलची होती तशीच. निसर्गनंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. श्रीवर्धनच्या किंवा दापोलीच्या ग्रामीण रुग्णालयाचं छप्पर पारादीपच्या रुग्णालयापेक्षा कच्चं असावं, याला आता काही आधार उरलेला नाही. ही रेषा दक्षिणेकडे कोकणापर्यंत वाढवली पाहिजे.

घरांसाठी मात्र मानक बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. लहान घरं चक्रीवादळात कशी टिकवावीत यासाठी आयएस १५४९८ हे वेगळं भारतीय मानक २००४ पासून उपलब्ध आहे. कोकणात घर बांधत असाल किंवा छप्पर बदलत असाल, तर ठेकेदाराला चार गोष्टी विचारा. वासे किंवा लोखंडी कैच्या भिंतीच्या वरच्या पट्ट्याला कशाने बांधणार? तो काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरतोय ना, आणि त्याच्या सळया खाली भिंतीत उतरल्यात का? पत्र्याचे हूक कडांना आणि कोपऱ्यांत दाट लावणार का, रुंद वॉशरसकट? समुद्राच्या खाऱ्या हवेत ते गंजू नयेत म्हणून जस्ताचा लेप आहे का? उत्तरं तोंडी घेऊन थांबू नका. छत झाकण्याआधी शिडी लावून वर चढा, किंवा जाणकाराला चढवा, आणि प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहून घ्या.